बाळ जीनमुळे गेलं की देवाच्या योजनेमुळे? जरा सविस्तर सांगतो

तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्या मावसबहिणीचं बाळ आठ महिन्यांचं असताना गेलं, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, टाइप वन, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार. पाळकसाहेब म्हणाले देवाची योजना होती. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी हळूच कुणाच्या तरी पापाचा विषय काढला. तुम्ही स्वतः बायोलॉजी शिकताय, त्यामुळे तुम्हाला माहितीये की एक जीन गायब होता, बस. आणि त्यात लिटरेचर शिकवणारे तुमचे एक सर म्हणाले की ख्रिस्ती माणसाला ट्रॅजेडी कळूच शकत नाही, कारण त्याच्या गोष्टीचा शेवट आधीच गोड ठरलेला असतो. तर यातलं खरं काय, आणि थिऑलॉजीकडे, म्हणजे देवाविषयीच्या अभ्यासाकडे, यावर बोलण्यासारखं काही आहे की नुसतं सांत्वन.

मी थिऑलॉजी शिकवतो आणि बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये चॅप्लिन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारा, म्हणूनही जातो, त्यामुळे वर्गात जे बोललो ते वॉर्डात टिकतं का हे सारखं तपासलं जातं, आणि बरंचसं टिकत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. जग असं का आहे, यावर थिऑलॉजी सायन्सच्या मदतीने बऱ्यापैकी बोलू शकते. हेच बाळ का, यावर तिच्याकडे उत्तर नाही. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की तिथून क्रूरपणा सुरू होतो, मग ते उत्तर पाळक चिकटवो की प्रोफेसर.

पापाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि सगळ्यात जास्त जखम तोच करतो. योहानाच्या शुभवर्तमानात ९व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो तेव्हा शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे, तिथेही तो विचारतो की ते १८ जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला, आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. आता योहानातलं पुढचं वाक्य, देवाची कार्यं दिसावीत म्हणून हे झालं, ते काही लोक लगेच पुढे करतात. पण तिथे ते वाक्य बोलणारा थांबत नाही, तो खाली वाकून चिखल करतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. ज्याला हे वाक्य बाळ गेलेल्या आईला ऐकवायचंय त्याने ते पुढचं काम आधी करून दाखवावं.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं, तर यासाठीच आहे असं मला वाटतं. त्याचे मित्र संपूर्ण पुस्तकभर एकच लॉजिक लावत बसतात, तू भोगतोयस म्हणजे तू काहीतरी केलं असणार. आणि शेवटी ४२व्या अध्यायात देव रागावतो तो ईयोबावर नाही, जो देवाला कोर्टात खेचायची भाषा करत होता, रागावतो या मित्रांवर, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देव गप्प करतो. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे अध्याय वाचायला सांगा, फार वाद न घालता.

बायोलॉजी तर इथे अगदी स्पष्ट आहे. हा आजार रिसेसिव्ह आहे, आई आणि वडील दोघांकडून खराब कॉपी आली तरच होतो, आणि साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण कॅरियर असतो, स्वतः ठणठणीत, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मोठ्या मंडळीत रविवारी जितकी माणसं बसतात त्यात दोन-चार कॅरियर सहज निघतील, कदाचित पाळकसाहेबही.

आता योजना. पाळकसाहेबांना एकदम झोडपू नका, ते हवेतून बोलत नाहीयेत, त्यांच्यामागे फार मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने तर देव काही गोष्टी फक्त होऊ देतो, घडवत नाही, हा फरकसुद्धा मान्य केला नव्हता. आणि त्याच्याआधी, तेराव्या शतकात, थिऑलॉजियन अक्वायनसने सांगितलं की देव निसर्गातल्या कारणांमधूनच काम करतो, त्यामुळे जीनमुळे झालं आणि देवाच्या राज्यात झालं ही दोन वाक्यं एकमेकांना कापत नाहीत. हे मला पटतं. पण त्यातून असं अजिबात निघत नाही की प्रत्येक जीन डिलीट होणं हे देवाला हवंच होतं.

वर्गात हा मुद्दा आला की मी याच आजाराच्या तारखा सांगतो. यामागचा जीन १९९५ मध्ये सापडला. पहिलं औषध, नुसिनर्सेन, अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर २०१६ मध्ये. जीन थेरपी २०१९ मध्ये, तोंडाने घ्यायचं औषध २०२० मध्ये. त्याच्याआधी टाइप वनची बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत जायची, आता वेळेत औषध मिळालं तर कितीतरी मुलं बसतात, काही चालतात. मग २०१६ च्या आधी ही मुलं मरावीत ही देवाची योजना होती आणि नंतर ती बदलली का? आणि ज्या देशात औषध पोचलं तिथे योजना वेगळी आणि जिथे नाही पोचलं तिथे वेगळी? असं म्हटलं की योजना या शब्दाआड आपण काय काय लपवतो ते दिसायला लागतं, संशोधनाला पैसा कुठे गेला, औषध कोणाला परवडलं, निदान किती उशिरा झालं. येशूने आजारी माणसाला बरं करताना, मी माझ्या पित्याची योजना मोडतोय असं कधी म्हटलेलं नाही, उलट हेच पित्याचं काम आहे म्हणाला. त्यामुळे माझ्या हिशोबाने प्रयोगशाळेत त्या जीनवर वीस-पंचवीस वर्षं डोकं फोडणारी माणसं, विश्वास ठेवणारी असोत नसोत, त्या बाजूला उभी होती, आजाराला योजना म्हणणारे नव्हते.

सायन्स आणि दुःख यांची थिऑलॉजीशी खरी टक्कर कुठे झाली म्हणाल तर पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चेस भरलेली, आणि भूकंप. छतं माणसांवर पडली, वेदीवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, जे जीव वाचवायला नदीकाठी धावले त्यांच्यावर समुद्र आला. हजारो मेले. त्याआधी ४५ वर्षं, १७१० मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ लायबनित्सने मांडलं होतं की शक्य असलेल्या सगळ्या जगांमध्ये हेच सगळ्यात चांगलं जग आहे, आणि शिकलेल्या युरोपला ते बऱ्यापैकी पटलेलं होतं. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने भूकंपानंतर या म्हणण्याची जी चिरफाड केली ती सगळ्यांना माहितीये.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात ते दुसरे दोघं. एक मालाग्रिदा नावाचा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू, त्याने १७५६ मध्ये पत्रक काढलं की हा भूकंप नैसर्गिक कारणांनी नाही, लिस्बनच्या पापांमुळे झाला, आणि लोकांनी तंबू आणि घरं उभारण्यापेक्षा प्रायश्चित्त करावं. (प्रोटेस्टंट लोकांनी इथे हसू नये, इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीनेही त्याच वेळी भूकंपामागे देवाचा हात दाखवणारं लिखाण केलं होतं.) दुसरा त्याचा शत्रू, मंत्री पोंबाल, ज्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका धर्मगुरूच्या हद्दीला, प्रश्नावली पाठवली, हादरा किती वेळ टिकला, किती धक्के बसले, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, किती माणसं गेली. भूकंपशास्त्राची सुरुवात शोधायला गेलात तर ही प्रश्नावली लागतेच. आणि ती भरून कोणी पाठवली? गावोगावच्या धर्मगुरूंनी. एकाच चर्चमधला एक माणूस पाप मोजतोय आणि बाकीचे शेकडो सेकंद मोजतायत. मालाग्रिदाला पुढे १७६१ मध्ये पाखंडी ठरवून मारण्यात आलं, तोही पोंबालच्या राजकारणाचाच भाग होता, म्हणजे सायन्सच्या बाजूचे लोक काही संत नव्हते. रूसोने व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात एक बोचरी गोष्ट काढली, की सहा-सात मजली हजारो घरं तिथे दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती. आज आपत्ती व्यवस्थापनवाले हेच म्हणतात, हादरा जमिनीचा, मरण बरंचसं बांधकामाचं.

तर लिस्बनने एक उत्तर मोडलं, शिक्षेचं. दुसरं मोठं उत्तर होतं पतनाचं, म्हणजे आदामाच्या पापाने मरण आणि यातना जगात आल्या, त्याआधी सगळं निर्मळ होतं. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनपासून पश्चिमेकडच्या चर्चचा सगळा हिशोब यावर उभा. हे जीवाश्मांनी मोडलं. तुम्ही बायोलॉजीवाले आहात म्हणून एकच उदाहरण देतो, २०२० मध्ये कॅन्सरवरच्या एका मेडिकल जर्नलमध्ये सेंट्रोसॉरस नावाच्या डायनासोरच्या पायाच्या हाडात हाडाचा कॅन्सर असल्याचं सिद्ध केलं, आपल्या मुलांना होतो तोच ऑस्टिओसार्कोमा. वय साधारण ७ कोटी ६० लाख वर्षं. तेव्हा आदामही नव्हता आणि सफरचंदही (जे मुळात बायबलमध्ये सफरचंद नाहीच). शिकार, परजीवी, आजार, हे सगळं माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. यावर काही जण म्हणतात की पतनाचा परिणाम काळात मागे गेला, काही म्हणतात देवदूतांचं पतन त्याआधी झालं होतं. लॉजिकली मोडता येत नाही अशी उत्तरं ही, पण ज्या उत्तराला कुठलाच पुरावा कधीच हात लावू शकत नाही त्याच्यावर मी वजन टाकत नाही.

डार्विनचं नाव या संदर्भात नेहमी चुकीच्या पद्धतीने घेतलं जातं. त्याची लाडकी मुलगी अ‍ॅनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली, आणि १८६० मध्ये त्याने हार्वर्डच्या एसा ग्रेला, जो पक्का प्रेस्बिटेरियन होता आणि अमेरिकेत डार्विनचा सगळ्यात मोठा पाठीराखाही, लिहिलं की जिवंत सुरवंटाच्या आत राहून त्याला खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम बनवल्या हे मला पटवून घेता येत नाही. पण त्याच पत्रात तो असंही म्हणतो की हे सगळं नुसत्या अंध शक्तीचं काम आहे हेही मनाला पटत नाही, कदाचित नियम ठरवून दिलेले आणि तपशील, चांगला असो वाईट, योगायोगावर सोडलेला. आणि पुढे लिहितो की यानेही माझं समाधान होत नाही. गंमत म्हणजे त्यानंतरच्या दीडशे वर्षांत सायन्स आणि थिऑलॉजी दोन्ही जाणणाऱ्या लोकांनी जे उत्तर बांधलं ते जवळपास हेच आहे, डार्विनला न पुरलेलं.

ते उत्तर आता नीट सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. जॉन पोल्किंगहॉर्न, केंब्रिजचा पार्टिकल फिजिक्सचा प्रोफेसर, खुर्ची सोडून अँग्लिकन धर्मगुरू झाला. त्याचं म्हणणं असं की देवाने तयार जग केलं नाही, स्वतःला घडवू शकणारं जग केलं. माणसाला इच्छास्वातंत्र्य तसं निसर्गाच्या प्रक्रियांनाही आपापलं काम करायची मोकळीक. आणि ज्या प्रक्रियेतून नवं काही येतं तिच्यातूनच बिघाडही येतो, दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. जमिनीखालच्या प्लेट्स सरकतात म्हणून कार्बन फिरत राहतो आणि लाखो वर्षांच्या हिशोबात पृथ्वीचं तापमान जगण्यालायक राहतं, त्याच सरकतात म्हणून लिस्बन होतं.

पेशी विभागताना कॉपी करण्यात चूक होऊ शकते म्हणून उत्क्रांती आहे आणि म्हणूनच कॅन्सर आहे. तुमच्या ताईच्या बाळाच्या बाबतीत तर हे फारच नेमकं बसतं. माणसात पाचव्या क्रोमोसोमवर हा जीन जवळजवळ सारख्या दोन रूपांत शेजारीशेजारी आहे, एसएमएन वन आणि एसएमएन टू, जुन्या जीन डुप्लिकेशनमधून आलेली जोडी. डुप्लिकेशन ही उत्क्रांतीची मोठी युक्ती, एक कॉपी मूळ काम करते, दुसरी नवं काही करून बघायला मोकळी. पण सारखे तुकडे जवळजवळ असले की तो भाग अस्थिर होतो, देवाणघेवाणीत गोंधळ होतो आणि एक नंबरचा जीन उडतो. तो उडाला की आजार. आणि तरी बाळ जन्माला येतं, आठ महिने हसतं, ते त्या दुसऱ्या अर्धवट कॉपीच्या जोरावर, ती नसती तर गर्भच टिकला नसता. ज्या गोष्टीने धोका आणला तिनेच ते आठ महिनेही दिले. हे मी अलंकारिक बोलत नाहीये, मॉलिक्युलर बायोलॉजीच आहे.

ख्रिस्तोफर साउथगेट, हाही मुळात बायोकेमिस्ट, २००८ मध्ये याच्या पुढे गेला. सौंदर्य, विविधता, जाणीव, प्रेम करू शकणारे जीव हे सगळं हवं असेल तर डार्विनचा रस्ता हाच एक रस्ता असावा, असं तो धरून चालतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. पेलिकन पक्षी दुसरं अंडं घालतो ते इन्शुरन्स म्हणून, पहिलं पिल्लू जगलं की दुसऱ्याला घरट्यातून ढकललं जातं आणि बहुतेक वेळा ते उपाशी मरतं. प्रजातीसाठी हे फायद्याचं आहे, हो, पण त्या पिल्लाचं काय? त्याच्या मरणातून दुसऱ्याचं भलं झालं हे त्या पिल्लाला दिलेलं उत्तर नाही. म्हणून साउथगेट म्हणतो की देवाला चांगलं म्हणायचं असेल तर देव त्या पिल्लाच्या यातनेत सोबत होता आणि त्याचं अपुरं आयुष्य कुठेतरी पूर्ण होणार, हे दोन्ही म्हणावं लागेल. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात पौल सगळी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हतेय म्हणतो, फक्त माणसं नाही, हा धागा दोन हजार वर्षं बऱ्यापैकी पडून होता, तो जीवशास्त्र जाणणाऱ्यांनी उचलला.

आता माझी तक्रार. पहिली तर कुठल्याही हुशार विद्यार्थ्याच्या लक्षात येते, की यातनेशिवायचं जीवन शक्यच नसेल तर स्वर्ग कसा शक्य आहे? आणि स्वर्ग शक्य असेल तर देवाने थेट तिथूनच सुरुवात का नाही केली? यावर उत्तर देतात की स्वर्ग आधी घडलेल्या माणसांनाच झेपतो, घडण इथेच व्हावी लागते. दुसऱ्या शतकातल्या आयरेनियसचा विचार असाच होता, आदाम-हव्वा पूर्ण नव्हते, लहान मुलांसारखे वाढायचे होते, आणि १९६६ मध्ये जॉन हिकने त्यावरून सगळं जग म्हणजे आत्मा घडवायची जागा असं मांडलं. मोठ्या माणसांच्या बाबतीत यात तथ्य आहे. आठ महिन्यांचं बाळ काय घडणार? आणि त्याच्यामुळे आईवडील घडले म्हणाल तर बाळ म्हणजे त्यांच्या प्रगतीचं साहित्य झालं, हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून वॉर्डात ऐकू इच्छित नाही. मेरिलिन मॅककॉर्ड अ‍ॅडम्सने १९९९ मध्ये हे फार स्वच्छ मांडलं, की काही यातना इतक्या भयानक असतात की त्या एकूण हिशोबात वजा करून चालत नाही, देव चांगला आहे की नाही हे त्या भोगणाऱ्या एकेका माणसापुरतं खरं ठरलं पाहिजे. सगळ्या विश्वाचा ताळेबंद जुळला आणि एक बाळ उरलं, तर जुळला नाही.

म्हणून मी जग असं का आहे याचं उत्तर वर्गात शिकवतो आणि तुमच्यासारखं कोणी विचारलं तर सांगतोही, कारण अशा जगातही देव असू शकतो एवढं त्यातून समजतं, आणि बायोलॉजी शिकणाऱ्या विश्वासू माणसाला तेवढं लागतंच. पण ताईला यातलं काही सांगू नका, तिने स्वतःहून विचारेपर्यंत तरी.

तुमच्या सरांचा मुद्दा. तो त्यांचा एकट्याचा नाही, जॉर्ज स्टायनरने १९६१ मध्ये हेच मांडलं होतं, की जिथे भरपाई आहे, पुनरुत्थान आहे, तिथे खरी ट्रॅजेडी होऊ शकत नाही. आणि बऱ्याच ख्रिस्ती प्रवचनांबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहे, क्रूसाचा शुक्रवार हा पुनरुत्थानाच्या रविवारचा ट्रेलर असल्यासारखी ती प्रवचनं असतात. पण केंब्रिजला डोनाल्ड मॅकिनन नावाचा स्कॉटिश प्रोफेसर होता, विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध, त्याने आयुष्यभर उलटं सांगितलं की शुभवर्तमान नीट वाचलं तर ते ट्रॅजेडीने भरलेलं आहे, आपण घाईघाईत पुढे जातो म्हणून दिसत नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचं घ्या. येशू त्याच्याबद्दल म्हणतो की तो माणूस जन्मला नसता तर त्याला बरं झालं असतं. जगाचं तारण झालं, ठीक, पण या एका माणसाचं काय झालं ते कुठल्याही रविवारने पुसलेलं नाही. किंवा लूकच्या १९व्या अध्यायात येशू यरुशलेमाकडे बघून रडतो, कारण त्याचं येणं फुकट गेलंय आणि शहर पडणार आहे, आणि शहर खरंच पडलं, ७० साली, आणि नंतर ख्रिस्ती लोकांनी त्याच पडण्याचं भांडवल करून यहुद्यांवर काय काय केलं तो इतिहास मॅकिननला झोपू देत नसे. पुनरुत्थानानंतरच्या येशूच्या हातातही खिळ्यांचे वण आहेत, थोमाला तो तेच दाखवतो. झालेलं पुसून टाकणारा विजय तो नाही. कँटरबरीचा माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स मॅकिननला फार मानतो, आणि ट्रॅजेडी म्हणजे निराशा नव्हे, घडलेलं नुकसान पूर्ण तपशिलात सांगून दाखवायचा आग्रह, असा काहीसा त्याचा रोख आहे.

याच्या विरुद्धही एक तगडा माणूस आहे, अमेरिकन ऑर्थोडॉक्स थिऑलॉजियन डेव्हिड बेंटली हार्ट. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, दोन लाखांहून जास्त माणसं गेल्यावर, त्याने लिहिलं की ज्या ज्या उत्तरात त्या मुलांच्या मरणाला देवाच्या योजनेत जागा मिळते ते सगळं देवनिंदा आहे, मरण हा शत्रू आहे, पौल करिंथकरांना तसंच लिहितो, शेवटचा शत्रू. आणि ट्रॅजेडीवरही त्याचा राग आहे, कारण ट्रॅजेडी माणसाला शेवटी, असंच असतं जग, म्हणून मान खाली घालायला शिकवते आणि ईस्टर तर त्या जगाविरुद्धचं बंड आहे. मला हार्टचा राग पटतो, पण तो ज्या पतनाच्या कल्पनेवर उभा आहे ती सेंट्रोसॉरसच्या हाडावर आपटते. आणि साउथगेटचं बायोलॉजी पटतं पण त्याच्या हिशोबात मरण हे देवाचं अवजार होऊन बसतं. मग शत्रू की अवजार? खूप वर्षं शिकवूनही या दोघांना मी एका वाक्यात बसवू शकलेलो नाही, आणि जो बसवतो त्याने एकाचं काहीतरी कापलेलं असतं. मरण माणसाच्या पापातून जगात आलं असं सायन्स म्हणू देत नाही, मरण ठीक आहे असं शुभवर्तमान म्हणू देत नाही. मी दोन्ही धरून बसलोय.

देव स्वतः दुःख भोगतो का, हा वाद लोकांना टेक्निकल वाटतो, पण वॉर्डात याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. जुन्या चर्चचं म्हणणं होतं देव भोगू शकत नाही, त्याच्यात बदल नाही. विसाव्या शतकातल्या युद्धांनंतर हे खूप जणांना असह्य झालं. जर्मन थिऑलॉजियन युर्गेन मोल्टमान १७ वर्षांचा असताना जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले, शेजारी उभा असलेला मित्र जागीच गेला, हा वाचला. धार्मिक घरातला नव्हता तो. ब्रिटिशांच्या कैदेत असताना त्याने मार्कच्या शुभवर्तमानातली येशूची क्रूसावरची हाक वाचली, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि म्हणाला इथे कोणीतरी आहे ज्याला माझं कळतं. १९७२ मध्ये त्याने सगळी थिऑलॉजी त्या हाकेवर उभी केली, क्रूसावर पिताही मुलगा गमावतो. तिकडे जपानमध्ये कितामोरीने १९४६ मध्येच देवाच्या वेदनेवर लिहिलं होतं, आणि बॉनहोफरने नाझींच्या तुरुंगातून १९४४ मध्ये, की फक्त दुःख भोगणारा देवच मदत करू शकतो. याच्या विरुद्ध जर्मन कॅथलिक थिऑलॉजियन कार्ल राहनरचं उत्तर मला अजून टोचतं, की मी ज्या चिखलात अडकलोय त्याच चिखलात देवही अडकला तर मला त्याचा फायदा काय. आणि जर्मन थिऑलॉजियन डोरोथे झोलेने विचारलं की मुलाला मरायला सोपवणारा बाप हा कसला प्रेमळ देव. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझा कल तरीही मोल्टमानकडे, पण राहनरला खिशात ठेवून, म्हणजे देव सोबत असतो हे पुरेसं नाही, त्याला पुढे काही करताही आलं पाहिजे, नाहीतर तो फक्त अजून एक रडणारा नातेवाईक.

ताईशी काय बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण तेच खरं विचारायचं होतं असं वाटतं. बाळाचं नाव घ्या, लोक ते घ्यायचंच टाळतात. प्रार्थना हवी असेल तर स्तोत्र ८८ वाचा, सगळ्या स्तोत्रांमध्ये हे एक असं आहे ज्याचा शेवट स्तुतीवर न होता अंधारावर होतो, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ती चर्चला येत नसेल तर येऊ नये, कोणी विचारायला जाऊ नये.

आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट. ते दोघं पुढच्या बाळाचा विचार करत असतील तर विश्वास ठेवा आणि पुढे चला असा सल्ला कोणी देत असेल तर तुम्ही मध्ये पडा. दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, दर वेळी नव्याने, एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. त्यांना आधी जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवा, बाळाचा रिपोर्ट सोबत द्या, कारण काही कॅरियरमध्ये दोन्ही कॉप्या एकाच क्रोमोसोमवर बसलेल्या असतात आणि साध्या टेस्टमध्ये ते निसटतं, आणि क्वचित बदल बाळातच नव्याने झालेला असतो. गर्भाच्या टेस्ट, आयव्हीएफ यावर चर्चेसची मतं एक नाहीत, कॅथलिक चर्चचा आयव्हीएफला स्पष्ट विरोध आहे, तो विचार त्यांनी त्यांच्या विवेकाने आणि घाई न करता करावा. पण ज्यावर सहसा कुठल्या चर्चचा आक्षेप नसतो ते हे, की बाळ जन्मताच टेस्ट करून घ्यायची, कारण लक्षणं दिसायच्या आधी औषध सुरू झालं तर परिणाम कितीतरी चांगला मिळतो, आठवड्यांचाही फरक पडतो. पाळकसाहेबांनाही हे सांगा, मंडळीत अजून कोणाला लागेल.